सैल दांडा : बादली नको, पाचर हवी



शाळेच्या परसबागेचं काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी बऱ्याच शाळांत एकच दृश्य दिसतं. नळाजवळ बादली आणि त्या बादलीत डोकं बुडवून ठेवलेल्या दोन कुदळी, एक फावडं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "दांडे हलतायत, रात्रभर भिजले की घट्ट होतील." आणि होतातही! सकाळी कुदळ हलवून बघा, अगदी दगडासारखी बसलेली असते. म्हणून तर ही पद्धत एवढी वर्षं टिकली. पण तीच कुदळ आठ-दहा दिवसांनी पुन्हा हलायला लागते आणि आधीपेक्षा जास्त हलते. असं का होतं आणि मग करायचं काय, हे मुलांसोबत शोधण्याचा हा पाठ आहे. चौथी-पाचवीला घेता येतो. कार्यानुभव आणि परिसर अभ्यास यांची आपोआप सांगड बसते. तासिका दोनच लागतात, पण मध्ये एक आठवडा जाऊ द्यावा लागतो. तो का, ते पुढे येईलच.

आधी हे स्पष्ट करते की सैल दांडा ही किरकोळ बाब नाही. कुदळीचं लोखंड दीड-दोन किलोचं असतं. डोक्यावरून घाव घालताना ते दांड्यातून निसटलं तर कुठल्या दिशेला जाईल हे मारणाऱ्याच्या हातात राहत नाही. एका गावात श्रमदानात फावड्याचं पातं असंच निसटून मागच्या बाजूला कुंपणाच्या तारेवर जाऊन आदळलं. तिथे कोणी उभं नव्हतं म्हणून बरं. परसबागेत तर आपल्या मागे-पुढे तीस पोरं घोळका करून उभी असतात.

लोखंड तेच, लाकूड बदलतं

मुलांना पहिला प्रश्न असा विचारा : "दांडा बसवला तेव्हा घट्ट होता. मग सैल झाला, म्हणजे भोक मोठं झालं की दांडा बारीक झाला?" वर्गाचे सरळ दोन पक्ष पडतात. बहुतेक मुलं भोक मोठं झालं असंच म्हणतात, कारण चप्पल सैल होते, कॉलर सैल होते, तसंच हेही असणार!

दांडा ज्या भोकात बसतो त्याला आपल्याकडे नेढं म्हणतात. सुईचं असतं तेच नेढं, कुऱ्हाडीचंही असतं. हे नेढं लोखंडाचं असल्यामुळे त्याचा आकार एवढ्या-तेवढ्याने बदलत नाही. बदलतं ते लाकूड. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांच्या भिंतींत ओलावा शिरला की भिंती फुगतात, ओलावा गेला की आकसतात. यातली गंमत अशी की ही फुगण्या-आकसण्याची क्रिया जवळजवळ सगळी जाडीत होते, लांबीत होतच नाही म्हटलं तरी चालेल. ओलं लाकूड पूर्ण वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के कमी होतं, पण जाडीत मात्र झाडाच्या जातीप्रमाणे साधारण ३ ते १० टक्के. मुलांना हे खराट्याच्या मुठीवरून पटकन कळतं. पावसात भिजलेला खराटा बांधणीत आवळतो, उन्हात वाळला की त्याच बांधणीतून काड्या गळतात. काड्यांची लांबी मात्र होती तेवढीच असते.

पाचवीला इथेच एक उदाहरण देता येतं. दांडा ४० मिलिमीटर जाड आहे. उन्हाळ्यात तो २ टक्के आकसला तर किती बारीक झाला? ०.८ मिलिमीटर. मुलांना हा आकडा फारच लहान वाटतो. मग पट्टीवर दाखवायचं आणि सांगायचं की एवढी फट कुदळ खडखडायला पुरेशी आहे.

आता दांडे नेमके कधी सैल होतात ते पोरांनाच विचारा, शेतकऱ्याची पोरं लगेच सांगतील. शिमग्यापासून मृगापर्यंत. हवा कोरडी, अवजारं पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेली. पावसाळ्यात तीच अवजारं काही न करता बऱ्यापैकी घट्ट वाटतात.

मग बादलीने काय बिघडतं?

हा पाठाचा गाभा आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

भिजलेला दांडा फुगायला बघतो, पण चहूबाजूंनी लोखंडाचं कडं आहे. त्याला बाहेर जायला जागा नाही. फुगण्याचा जोर मोठा असतो आणि लोखंड तर हटत नाही, मग लाकडाच्या नळ्या स्वतःच चेपतात. ओलं लाकूड मऊ असल्याने चेपणं आणखी सोपं जातं. पुढे दांडा वाळतो तेव्हा त्या चेपलेल्या नळ्या पूर्वीच्या आकारावर येत नाहीत, चेपलेल्या अवस्थेतूनच आणखी आकसतात. म्हणजे भिजवण्याआधी होता त्यापेक्षा दांडा आता बारीक. पुन्हा भिजवा, पुन्हा तेच. दरवेळी थोडा थोडा बारीक. शिवाय वारंवार ओलं होणारं लाकूड नेढ्याच्या आतच कुजायला लागतं आणि लोखंड आतून गंजतं, ते वेगळंच.

तोंडी सांगून हे कोणाला पटत नाही, मोठ्यांना तर नाहीच. म्हणून प्रयोग.

लोखंडी पाइपचे दोन बोटं लांबीचे दोन तुकडे वेल्डिंगच्या दुकानातून कापून आणा. धारदार कडा तिथेच घासून घ्या. बाभळीची किंवा कडुनिंबाची चांगली वाळलेली फांदी घेऊन सुताराकडून दोन खुंट्या तासून घ्या. पाइपात हाताने सरकतील, पण फार ढिल्या नसतील अशा. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. खुंटी आणि पाइप यांच्या फटीत एकावर एक किती पट्ट्या जातात ते मुलांनी मोजून फळ्यावर लिहायचं. मग एक खुंटी पाइपासकट पाण्यात बुडवायची आणि दुसरी कोरडीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी ओली खुंटी ओढून बघा. आमच्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरानेही ओढली, हलली नाही. टाळ्या पडल्या. बादलीवाले जिंकले असं वर्गाने जाहीर करून टाकलं.

ती खुंटी तशीच पाइपासकट सावलीत आठवडाभर वाळू दिली. आठव्या दिवशी पाइप उभा धरला तर खुंटी आपली आपण खाली पडली. आधी फटीत एक पट्टी जात होती, आता दोन सहज गेल्या आणि तिसरी अडकत अडकत गेली. कोरडी खुंटी होती तशीच. ती दुसरी खुंटी ठेवायला विसरू नका बरं का. तिच्याशिवाय "हवेनेच सैल झाली असेल" म्हणणारा एक तरी हुशार निघतोच, आणि त्याचं म्हणणं रास्तच असतं.

या टप्प्यावर एका मुलाचे आजोबा शाळेत येऊन मला म्हणाले, "बाई, आम्ही तर बैलगाडी मुद्दाम ओढ्याच्या पाण्यातून काढायचो, चाकं आवळायची." त्यांचं खरंच होतं. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसून लोखंडी धाव ढिली पडायची, पाण्याने चाक फुगून ती तात्पुरती बसायची. मी त्यांनाच वर्गात बोलावलं आणि विचारलं, "आजोबा, मग पुढे त्या धावेचं काय व्हायचं?" त्यांनी सांगितलं, शेवटी लोहाराकडे जावंच लागायचं. लोहार धाव कापून लहान करायचा आणि तापवून पुन्हा चढवायचा. तापलेली धाव मोठी होते, चाकावर चढते, पाणी ओतलं की आवळते. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि लोखंड उष्णतेने, हे दोन्ही एकाच चाकात आलं. आजोबांनी माझी निम्मी तासिका घेतली आणि मला ती परत नको आहे.

चिंधी, ट्यूब आणि खिळा

बादलीखेरीज गावात आणखी उपाय चालतात. फटीत चिंधी कोंबणे किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालणे. हे एक दिवसाचं काम निभावून नेतात, पण दोन्ही वस्तू दबणाऱ्या आहेत. प्रत्येक घावाला थोड्या दबतात आणि दांड्याला नेढ्यात हलायला जागा करून देतात. हलणारा दांडा लोखंडाच्या कडेवर घासून झिजतो.

खिळा त्याहून वाईट. दांड्याच्या डोक्यात दोन-तीन खिळे ठोकलेली हातोडी तुम्ही पाहिली असेल. खिळा गोल आणि टोकदार असतो, तो लाकूड सगळीकडून सारखं पसरवत नाही, एका रेषेत फाडतो. चीर पडली की ती दांड्यातून खाली उतरते. मग एक दिवस दांडा लोखंडाजवळ मोडतो आणि आपण लाकडाला नावं ठेवतो.

आधी दांडा कुठून घातलाय ते बघा

अवजार हातात घेऊन एकच गोष्ट तपासायची : दांडा नेढ्यात कुठल्या बाजूने शिरलाय? यावरून तीन घराणी पडतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं घराणं टिकावाचं. अनेक कुदळीही अशाच असतात. यात दांड्याचं बारीक टोक वरून घालून खाली ओढतात. दांड्याचा वरचा भाग नेढ्यापेक्षा जाड असतो, त्यामुळे लोखंड वर निसटूच शकत नाही. घाव घालताना लोखंड बाहेरच्या दिशेला जायला बघतं आणि तिकडेच दांडा जाड, म्हणजे जितकं काम कराल तितकं ते आवळत जाईल. हे फार शहाणपणाचं डिझाइन आहे. असं अवजार सैल झालं तर ते डोकं खाली करून धरायचं आणि दांड्याचं जाड टोक दगडावर दोन-तीनदा आपटायचं. दांडा थांबतो, लोखंड जडत्वाने खाली जात राहतं आणि जाड भागावर चढून घट्ट बसतं. यात पाचर लागत नाही. आपटून आपटून लोखंड अगदी टोकापर्यंत गेलं असेल, तर मात्र त्या दांड्याचं आयुष्य संपलं समजा आणि नवा घ्या.

दुसरं घराणं हातोडीचं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कुऱ्हाडीही यात येतात. इथे दांडा खालून घातलेला असतो. निसटायचं झालं तर लोखंड सरळ वरून उडून जाईल, कारण त्याला अडवायला पाचरीशिवाय काहीच नाही. म्हणून या घराण्यात पाचर म्हणजे शोभा नव्हे, तोच जीव.

तिसरं घराणं खुरपं, विळा, पटाशी, कानस यांचं. यांना नेढं नसतंच. उलट लोखंडाचीच टोकदार शेपटी लाकडी मुठीत शिरलेली असते.

मुलांना शाळेतली आणि घरातली अवजारं या तीन घराण्यांत वाटायला सांगा. वर्गीकरण शिकवायला पाना-फुलांइतकंच हे चांगलं साहित्य आहे. वाद फावड्यावर होतो, कारण फावडी दोन्ही तऱ्हेची मिळतात. होऊ द्या वाद.

हातोडीला पाचर

थोडीच सैल असेल तर आधी साधा उपाय. हातोडीचा दांडा उभा धरा, लोखंड खाली लोंबतं ठेवा, आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने ठोका. मुलांना आधी विचारा काय होईल. झाडून सगळी म्हणतात, लोखंड खाली पडेल! प्रत्यक्षात ते दांड्यावर वर चढतं. दांडा फटक्यासरशी खाली जातो, जड लोखंड मात्र जडत्वामुळे जागचं हलत नाही, म्हणून दांडा लोखंडात आणखी घुसतो. ही युक्ती वर्गात मी नाही, एका मुलाच्या वडिलांनी करून दाखवली. ते गवंडी आहेत. त्याआधी आठ दिवस तेच मला फाटकाशी गाठून म्हणाले होते, "मॅडम, पोरगं शिकायला पाठवलंय, कुदळ मारायला नाही. आमचा जन्म त्यातच गेला." यावर माझ्याकडे तयार भाषण नव्हतं. मी त्यांना एवढंच विचारलं की तुमची हातोडी किती वर्षं एकाच दांड्यावर चालते? ते हसले आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊनच आले. मुलांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांचा अर्धा दिवस बुडाला असेल. त्यांची हरकत चुकीची होती असं मी म्हणणार नाही. कष्ट आणि शिक्षण यांच्यात त्यांना जो फरक दिसतो तो त्यांनी भोगलेला आहे. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे, अवजार दुरुस्त का होतं हे मुलांनी शिकायचं, शाळेची खोदाई मुलांवर टाकायची नाही.

आता पाचरीकडे. जुना दांडा चांगला असेल तर तो काढून वरच्या टोकाला करवतीने एक काप घ्यायचा. नेढं बहुधा लांबट असतं. काप त्या लांबीच्या दिशेने हवा आणि नेढ्याच्या खोलीच्या साधारण दोन तृतीयांश खोल. नेढ्याखाली जाईल इतका खोल काप घेतला तर दांडा तिथेच फाटेल. पाचर कोरड्या, कडक लाकडाची, बाभळीची उत्तम. रुंदीला ती नेढ्याच्या लांबीइतकी हवी आणि जाडीला हळूहळू निमुळती. पाचर चटकन जाड होत असेल तर ती आत न जाता उसळून बाहेर येते. पोरं नेहमी अशीच आखूड-जाड पाचर करतात, एकदा करू द्यावी आणि उसळलेली बघू द्यावी.

दांडा नेढ्यात बसवताना वर तीन ते पाच मिलिमीटर बाहेर ठेवा. मग पाचर कापात धरून हलक्या, सरळ फटक्यांनी ठोकायची. आवाज ऐकायला सांगा. सुरुवातीला बद बद येतो आणि पूर्ण बसली की टणक होतो. तिथे थांबायचं. आमच्या शाळेत दांड्यांना आता कोणी हात लावला की आधी कान देतो! बाहेर राहिलेली पाचर कापून टाकायची, पण दांड्याचं ते बोटाच्या पेराहून कमी वर आलेलं टोक तसंच ठेवायचं. पाचरीमुळे ते नेढ्यावर थोडं पसरलेलं असतं आणि लोखंडाला टोपीसारखं अडवतं. दुकानातली लोखंडी पाचर वापरायची असेल तर ती लाकडी पाचरीनंतर, तिला आडवी किंवा तिरकी, आणि एकच.

दांडा मोडून त्याचा तुकडा नेढ्यात अडकून बसला असेल तर काय करतात? बरेच जण कुऱ्हाड सरळ चुलीत घालतात, लाकूड जळून जातं. हे करू नका. धारेच्या पोलादाला लोहाराने दिलेलं पाणी चुलीत उतरतं आणि कुऱ्हाड मऊ पडते, मग रोज धार लावत बसा. अडकलेला तुकडा ड्रिलने पोखरून किंवा पटाशीने कोरून काढायचा आणि खालच्या बाजूने वर ठोकून बाहेर घालवायचा.

लाकूड कुठलं?

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण मुलांना पाठ असते, पण तो दांडा कुठल्या झाडाचा हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे धावड्याचा दांडा नावाजलेला आहे. लाकूड चिवट, धक्का सोसणारं. तिवस आणि बाभूळही चांगली. भरीव बांबू फावड्याला चालतो. साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण घावाचा धक्का सोसण्यात तो धावड्या-बाभळीची बरोबरी करत नाही.

जातीपेक्षाही लाकडाच्या रेषा बघा. रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाजूला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. गाठ असेल तर नकोच. आणि ओली फांदी तोडून आज बसवली तर दिवाळीपर्यंत ती खुळखुळणार, हे आता पाचवीचं पोरही सांगेल. जुनी माणसं दांडे तोडून माळ्यावर किंवा चुलीच्या धुरावर महिनोन्‌महिने ठेवायची. तो आळस नव्हता.

दांडा बसवल्यावर जवसाचं तेल चोळा. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, खाण्याचं शेंगदाणा तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाने ओलावा अजिबात येत-जात नाही असं नाही, पण त्याचा वेग कमी होतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना जास्त तेल द्या. नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात, पाणी सगळ्यात भराभर तिथूनच ये-जा करतं. अवजारं पत्र्याखाली उन्हात न ठेवता सावलीत, जमिनीपासून वर टांगा.

आईचं खुरपं

खुरप्याकडे मी मुद्दाम शेवटी येते, कारण ते लहान असतं म्हणून कोणी लक्ष देत नाही. कुदळ सैल झाली की गडीमाणूस कुरकुर करतो, खुरप्याची मूठ सैल झाली की बाईमाणूस चिंधी गुंडाळून काम चालवते. पाचवीतल्या एका मुलीने वर्गात सांगितलं, "मॅडम, आईचं खुरपं हातात फिरतं, म्हणून तिला फोड येतात." कारण तिने एका वाक्यात सांगितलं होतं. शेपटी मुठीत गोल फिरायला लागली की प्रत्येक ओढीला पातं वळतं, ते सरळ ठेवायला मूठ जास्त आवळावी लागते आणि तळहात घासतो. खुरपणीच्या दिवसांत हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं.

दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन आली. मूठ काढली तर शेपटीवर गंज आणि मुठीचं भोक घासून मोठं झालेलं. आधी कानसीने आणि पॉलिश पेपरने शेपटीचा गंज काढला. भोकातला भुसा तारेने साफ केला. मूठ तडकलेली असेल तर ती बदलायची, तडकलेल्या मुठीत काहीही भरून उपयोग नाही. ही तडकलेली नव्हती, पण पुढच्या तोंडाला लोखंडी शेंबी नव्हती, म्हणून भंगारातल्या पाइपचं पातळ कडं तिथे ठोकून बसवलं. काठीच्या टोकाला असते तशीच ही शेंबी. शेपटीच्या दाबाने मूठ फाटू नये म्हणून ती हवीच.

मोठं झालेलं भोक भरायचे दोन रस्ते. लोहार शेपटी तापवून लाखेत बसवतो. लाख वितळते, भोकात पसरते आणि थंड झाली की शेपटीला धरून ठेवते. काही कारागीर लाखेत विटेची भुकटी मिसळतात. ही पद्धत सुरेख आहे, पण तापलेलं लोखंड आहे, शाळेत करायची नाही, लोहाराकडे जाऊन बघायची. पात्याला ओलं फडकं गुंडाळून तो फक्त शेपटी तापवतो, त्याचं कारण मुलांनी स्वतः ओळखलं, कुऱ्हाड आणि चूल आठवून.

शाळेत करण्याजोगा रस्ता म्हणजे अरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद. दोन्ही सारख्या प्रमाणात घ्यायचे, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवायचा, भोकाच्या तळापर्यंत काडीने भरायचा आणि शेपटी दाबून बसवायची. भोक फारच मोठं असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या पातळ कामट्या सरकवायच्या, म्हणजे गोंदावर सगळा भार येत नाही. गोंद मोठ्यांनी हाताळायचा, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. पातं मुठीच्या सरळ रेषेत आहे ना, हे समोरून डोळा लावून बघायचं, कारण एकदा सुकलं की वाकडं ते वाकडंच. मग मूठ खाली, पातं वर, अशी डब्यातल्या वाळूत उभी करून ठेवायची आणि धारेवर फडकं बांधायचं. त्या मुलीला मी सांगितलं की उद्या सकाळपर्यंत याला हात लावायचा नाही आणि आईला म्हणावं, आजचा दिवस शेजारणीचं खुरपं घे.